टवीच्या खोऱ्यातले एकटे ओक, एका साच्यातली घरं आणि टेकडीवरचा बुरूज: कुठली रेघ कुणी आखली?

तुमचा प्रश्न असा: वेल्समध्ये टवी नदीच्या खोऱ्यात, ल्हानडायलोजवळ, भाड्यानं घर घेतलं आहे. आसपासच्या कुरणांत जुने ओक एकेकटे उभे आहेत, रस्त्याकडेची घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत, एक दगडी भिंत मध्येच सुरू होऊन मध्येच संपते आणि पलीकडच्या टेकडीवर तिकोनी बुरूज आहे. शेजारी सांगतात की हे सगळं मध्ययुगातलं. ते खरं का, आणि कुठली गोष्ट कधीची हे स्वतः कसं शोधायचं? शिवाय, हे आपल्याकडच्या जहागिरीसारखं होतं का?

जहागिरीचं आधी. कुळं होती, खंड होता, कारभारी होता, तेवढं साम्य आहे. पण जहागीर किंवा इनाम हा सरकारी महसुलावरचा हक्क. इथल्या जमीनदार घराण्यांची जमीन खाजगी मालकीची होती आणि ती वारसाहक्क, लग्न, गहाण नि खरेदी यांतून साठत गेली. जुन्या वेल्श कायद्यात बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जाई. सोळाव्या शतकात, 1536 आणि 1542-43 च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या कायद्याखाली आलं, वाटणीची ती रीत संपली आणि थोरल्याकडे सगळं जाऊ लागलं. तुकडे पडायचे थांबले की साठे वाढतात. दुसरा मोठा फरक शेवटाचा. मुंबई प्रांतात 1948 चा कूळ कायदा आला आणि पुढे त्यातल्या दुरुस्तीनं कुळं मालक झाली. इथे तसा कायदा झाला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इस्टेटींनी स्वतःच शेतं विकायला काढली आणि पुष्कळ कुळांनी कर्ज काढून आपलीच शेतं विकत घेतली.

आता मुख्य गोष्ट. अशा भागात नजर आधी जमीनदारांच्या वाड्यांकडे जाते, आणि तिथेच बहुतेकांची गल्लत होते. इस्टेट म्हणजे वाडा नव्हे. ती म्हणजे वाड्याला खंड भरणारी दहा, पन्नास, दोनशे शेतं, त्यांच्या चुनाभट्ट्या, गिरण्या नि रस्ते. वाडा पडला तरी ती रचना बांधांत नि झाडांत शिल्लक राहते. म्हणून 'हे किती जुनं?' याआधी 'ही जमीन कुणाची होती?' हे विचारायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा दुसऱ्यातूनच निघतं.

तुमच्या भागात तीन मोठी नावं सतत भेटतील. ल्हानडायलोला चिकटून दिनेव्हर: डोंगरकड्यावरचा किल्ला देहेबार्थ या मध्ययुगीन वेल्श राज्याच्या राजांचा, खालचं न्यूटन हाउस साधारण 1660 चं, आणि त्याचा आजचा गॉथिक दर्शनी भाग 1850 च्या दशकातला. म्हणजे मध्ययुगीन दिसणारा भाग घराचा सगळ्यांत नवा आहे! नदीच्या दक्षिणेला गेल्ही आयर ऊर्फ गोल्डन ग्रोव्ह, व्हॉन घराण्याचं. 1804 मध्ये शेवटच्या व्हॉननं ते मित्राला, लॉर्ड कॉडरला, मृत्युपत्रानं दिलं, आणि आजचं घर वास्तुशिल्पी वायटव्हिलनं 1830 च्या आसपास बांधलं. खाली ल्हानार्थनीकडे मिडलटन हॉल, तो विल्यम पॅक्स्टनचा. (उच्चाराचं जाता जाता: वेल्शमधल्या दोन एलचा उच्चार आपल्या 'कोल्हा'तल्या ल्हच्या जवळ जातो. इंग्रजांपेक्षा तुम्हाला तो लवकर जमेल.)

पॅक्स्टनपाशी थोडं थांबायला हवं, कारण तुमचा तिकोनी बुरूज त्याचा आहे. कलकत्त्याच्या टांकसाळीत अधिकारी आणि मग तिथल्या व्यापारी पेढीचा भागीदार, असा हा माणूस. बंगालमधून आणलेल्या पैशावर त्यानं 1789 च्या सुमारास ही इस्टेट घेतली, 1793 ते 95 मध्ये वास्तुशिल्पी सॅम्युअल पेपिस कॉकरेलकडून नवं घर बांधून घेतलं आणि ओढ्यांना बांध घालून तळ्यांची माळ केली. बुरूज 1800 नंतरच्या पहिल्या दशकातला, इंग्रज नौसेनापती नेल्सनच्या स्मरणार्थ, त्याच कॉकरेलचा. त्यावर वेल्श, इंग्रजी आणि लॅटिन अशा तीन भाषांत लेख होते. 1802 ची निवडणूक तो हरला. मतदारांच्या खाण्यापिण्याचं त्याचं बिल प्रसिद्ध आहे: 11,070 न्याहाऱ्या, 36,901 जेवणं, 25,275 गॅलन बिअर. निवडून आलो तर पूल बांधीन म्हणाला होता, हरल्यावर त्याच पैशांत बुरूज बांधला, ही गोष्ट तुम्हाला गावात कुणीही सांगेल. ती दंतकथा म्हणून ऐका. घर 1931 मध्ये जळलं. त्या जागेवर 2000 साली वेल्सचं राष्ट्रीय वनस्पती उद्यान सुरू झालं. पलीकडचं अबरग्लासनीसुद्धा 1803 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या एका सर्जननं, थॉमस फिलिप्सनं घेतलं. म्हणजे या खोऱ्याच्या देखाव्याचा काही भाग हिंदुस्थानातल्या पैशानं उभा राहिला. मध्ययुगाशी त्याचा संबंध नाही.

आता कामाला लागू. पूर्ण खोरं घेऊ नका. एक शेत घ्या, किंवा नकाशावरचा एक किलोमीटरचा चौकोन. आजपासून मागे जायचं, जुन्यापासून पुढे यायचं नाही. आधीच मध्ययुग मनात धरलं की प्रत्येक उंचवटा किल्ला दिसायला लागतो.

पहिला थर ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचा, पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) नकाशा. कार्मार्थनशरची पहिली आवृत्ती 1880 च्या दशकातली. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तो आजच्या उपग्रह चित्राशेजारी ठेवून बघता येतो, आणि वेल्सचे नकाशेही तिथे आहेत. त्यावर सुटी झाडंसुद्धा दाखवली आहेत, हे विसरू नका. तेव्हा असलेली नि आता नसलेली प्रत्येक कुंपणरेघ लाल पेन्सिलीनं काढा, आणि आता असलेली नि तेव्हा नसलेली निळ्यानं. लाल रेघा जास्त निघाल्या तर बिचकू नका. त्यांतल्या बऱ्याचशा गेल्या साठ-सत्तर वर्षांत ट्रॅक्टरसाठी काढलेल्या असतात आणि त्यांचा जमीनदारांशी काही संबंध नसतो.

दुसरा थर सगळ्यांत महत्त्वाचा: टाइद नकाशा. चर्चला द्यायचा पिकाचा दशांश रोख रकमेत बदलण्यासाठी 1836 चा कायदा झाला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जवळजवळ प्रत्येक पॅरिशचा (एका चर्चच्या हद्दीतल्या गावाचा) नकाशा नि तक्ता तयार झाला. वेल्सचे सगळे नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सनं फुकट उपलब्ध केले आहेत. मालक, कसणारा, शेताचं नाव यांपैकी कशानंही शोधता येतं. तक्ता उघडलात की घरी आल्यासारखं वाटेल, कारण तो जवळपास सात-बारा आहे: मालकाचा रकाना, कसणाऱ्याचा रकाना, तुकड्याचा क्रमांक, नाव, पीक की कुरण, क्षेत्र, आकारणी. क्षेत्र एकर, रूड नि पर्च यांत असतं. एका एकराचे 4 रूड आणि एका रूडचे 40 पर्च. आपल्या हिशेबात रूड म्हणजे 10 गुंठे आणि पर्च म्हणजे पाव गुंठा. तेव्हा 3-2-20 असं लिहिलं असेल तर 3 एकर 25 गुंठे. मोजणी 66 फुटांच्या साखळीनं झालेली आहे आणि आपला गुंठा 33 फूट बाय 33 फूट, त्यामुळे एक साखळी लांब-रुंद चौकोन बरोबर 4 गुंठ्यांचा येतो.

तुमच्या चौकोनातले सगळे तुकडे मालकाप्रमाणे रंगवा. कॉडरला एक रंग, दिनेव्हरला दुसरा, लहान मालकांना तिसरा. दोन तासांचं काम आहे, पण एवढ्यानंच निम्मी कोडी सुटतात. रंग सलग पसरलेला दिसला तर तिथे शेतं नंतर जोडून, बांध सरळ करून, नव्यानं आखली गेली असण्याची शक्यता मोठी. रंग गोधडीसारखे मिसळलेले असतील, तुकडे लांबट नि अरुंद असतील, तर जुनी पट्ट्यांची सामाईक शेती तिथे टिकून राहिली आहे. अशा ठिकाणी कुठल्याच एका मालकाला सगळं पुसून टाकता आलं नाही.

इथे चुका कुठे होतात ते सांगतो. 'मालक' रकान्यात कधी कधी विश्वस्त, विधवा किंवा लांब मुदतीचा पट्टेदार असतो, आणि एकच इस्टेट तीन नावांनी दिसते. नकाशांचे दोन दर्जे होते. दुसऱ्या दर्जाचे पुष्कळ नकाशे जुन्या इस्टेट नकाशांवरून जोडलेले आहेत, त्यामुळे नकाशावरचं साल आणि बांधाची खरी स्थिती यांत काही दशकांचं अंतर असू शकतं. नावं शोधताना वेल्श भाषा पहिलं अक्षर बदलते हे लक्षात ठेवा. पोन्टचं बोन्ट होतं, केल्हीचं गेल्ही होतं. दोन्ही रूपं शोधा, आणि लिहिणाऱ्याला वेल्श येत नसेल तर तिसरं चुकीचं रूपही. माणसाच्या नावावर मात्र कधीच विसंबू नका. एका पॅरिशमध्ये पाच जॉन जोन्स निघतात. शेताच्या नावावरून माणूस ओळखायचा.

शेतांच्या नावांनी जमीन उलगडते. डोल म्हणजे नदीकाठची मळई, अनिस म्हणजे बेट किंवा पाण्यानं वेढलेली उंच जागा, ग्वाइन म्हणजे ओलसर माळ, ल्हाइन म्हणजे अरुंद पट्टा (जुन्या पट्टेशेतीची खूण), काय म्हणजे कुंपण घातलेलं शेत, आणि ओडिन असलं तर तिथे भट्टी होती, बहुधा चुन्याची. सगळ्यांत फसवा शब्द पार्क. नैर्ऋत्य वेल्समध्ये पार्क म्हणजे साधं शेत. तक्त्यात पार्क दिसलं की लोक हरणांचं राखीव रान शोधत फिरतात. तसं काही नसतं.

चुन्याचा विषय निघाला म्हणून. इथली माती आम्लधर्मी, चुना घातल्याशिवाय धान्य धड येत नाही. चुनखडी दक्षिणेला मनिद डी, म्हणजे काळ्या डोंगरावर. उत्तरेकडचे शेतकरी गाड्या घेऊन तिकडच्या भट्ट्यांवर जात आणि वाटेत नाक्यानाक्यावर टोल भरत. चुन्यापेक्षा टोलच महाग पडू लागला. 1839 ते 1843 च्या रेबेका दंगलींत बायकांचे कपडे घालून लोकांनी नाके फोडले, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. तुमच्या रस्त्याच्या फाट्यावर पुढे आलेल्या खिडकीचं, रस्त्याच्या दोन्ही बाजू दिसतील असं एखादं बुटकं घर असेल, तर ते नाक्याचं घर असू शकतं. पंचवीस इंची नकाशावर टी. पी. (टर्नपाइक, म्हणजे टोलनाका) ही अक्षरं शोधा.

तिसरा थर लायडार. विमानातून लेसरनं मोजलेली जमिनीची उंची वेल्स सरकारच्या डेटामॅपवेल्सवर मोफत मिळते. झाडं वजा करून सावली दिलेलं चित्र बघा. नांगरटीच्या जुन्या वरंब्या-सऱ्या, पुसलेले बांध, वळण बदललेली नदी, सगळं दिसतं. टवी सतत कूस बदलते. पॅरिशची हद्द आजच्या नदीवरून न जाता कुरणातून नागमोडी गेली असेल, तर हद्द ठरली तेव्हा नदी तिथून वाहत होती.

एवढं झालं की बाहेर पडा. शक्यतो फेब्रुवारीत, सकाळी किंवा चार वाजता. पानं नसतात, ऊन तिरपं असतं आणि दीड वीत उंचवटाही सावली टाकतो. सार्वजनिक पायवाटा काउन्टी कौन्सिलच्या अधिकृत नकाशावर असतात. त्या सोडून आत जायचं तर शेतकऱ्याला विचारा. बहुतेक जण नुसती परवानगी देत नाहीत, सोबतही येतात.

एकटे ओक बघताना ते एका ओळीत आहेत का ते तपासा. वाड्याभोवतीचं उद्यान वाढवताना शेतांची कुंपणं काढली जात, पण त्यातली चांगली झाडं ठेवली जात. लगेच जुनं दिसणारं रान हवं असे. तीन-चार ओक एका रेघेत नि त्यांच्या बुडाशी आपल्या तालीसारखा हलका उंचवटा दिसला, तर ती उद्यानाच्या आधीच्या शेताची हद्द आहे. उलट, टेकाडावर एका वयाची झाडं गोलात गोळा केलेली असतील, भोवती बुटका गोल बांध असेल, बीच किंवा पाइन असेल, तर ती मुद्दाम लावलेली राई. दिनेव्हरला 1775 मध्ये प्रसिद्ध उद्यानरचनाकार केपेबिलिटी ब्राउन येऊन गेला होता. तिथल्या राया नि मोकळी कुरणं बघून हा फरक डोळ्यात बसवून घ्या. मग इतरत्र तो आपोआप दिसतो.

उद्यानाबाहेर, साध्या शेतांच्या वईतही मोठे ओक का दिसतात? कारण कुळांच्या भाडेपट्ट्यांमध्ये उंच लाकूड मालकाचं असे. कूळ फांद्या छाटू शके, खोड तोडू शकत नसे. म्हणून तो ओक निसर्गाची देणगी नसून करारातल्या एका कलमाची आहे.

वय काढायचं तर छातीच्या उंचीला, दीड मीटरवर, घेर मोजा. उघड्यावरच्या झाडाला वर्षाला साधारण अडीच सेंटिमीटर घेर, दाट रानात त्याच्या निम्मा, असा ढोबळ नियम आहे. 5 मीटर घेराचा एकटा ओक या हिशेबानं 200 वर्षांचा येतो, पण जुना ओक पुढे मंदावतो, त्यामुळे मी हा आकडा किमान वय म्हणूनच धरतो. फांद्या वारंवार कापलेल्या झाडाला नियम लागूच पडत नाही. वईच्या 30 यार्डांतल्या झाडांच्या जाती मोजायच्या, जितक्या जाती तितकी शतकं, हा दुसरा लाडका नियम मात्र सोडून द्या. इस्टेटींनी एकाच दिवशी चार जाती मिसळून लावल्या आहेत. त्याऐवजी आकार बघा. दगडमातीच्या रुंद बांधावरची (त्याला इथे क्लाउद म्हणतात) वळत गेलेली वई बहुधा जुनी. पट्टीनं आखल्यासारखी सरळ, नुसत्या हॉथॉर्नची (एक काटेरी झुडूप), डोंगराच्या वरच्या अंगाला असलेली वई म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात वाटून घेतलेलं गायरान.

तुमच्या तुटक्या भिंतीजवळ चर कुठल्या बाजूला आहे? हरणं आत कोंडायची तर चर आतल्या अंगाला असतो. वाड्यासमोर, वाड्याच्या बाजूनं भिंत आणि बाहेरच्या बाजूनं उतरता खड्डा असेल, तर तो हा-हा: गुरं हिरवळीवर येऊ नयेत, पण खिडकीतून कुंपण दिसू नये, यासाठीची युक्ती. यांपैकी काहीच नसेल तर भिंतीचं दुसरं टोक 1880 च्या दशकातल्या नकाशावर शोधा. 'कुठेच न जाणारी' भिंत बहुतेक वेळा रस्ता वळवल्यामुळे अर्धी राहिलेली असते.

एका साच्यातल्या घरांचं सोपं आहे. खिडक्यांचं प्रमाण, छपराचा उतार, कडेची कोरीव पाटी, चिमणीची घडण यांतल्या तीन गोष्टी दोन मैलांवरच्या घराशी जुळल्या, की बांधणारा कारभारी एक होता असं समजायचं. ही बहुतेक एकोणिसाव्या शतकातली. टाइद नकाशावर घर नाही नि पंचवीस इंचीवर आहे, एवढ्यावरून तारीख चाळीस वर्षांच्या आत येते. आणखी नेमकी हवी असेल तर कार्मार्थनच्या काउन्टी अभिलेखागारात कॉडर नि दिनेव्हर या दोन्ही इस्टेटींची कागदपत्रं आहेत. खंडाच्या वह्या मागण्याआधी विक्रीचे कॅटलॉग मागा. लिलावाच्या वेळी प्रत्येक शेताचा नकाशा, खोल्या, गोठे, कुळाचं नाव सगळं छापलेलं असतं, आणि ते वाचायला जुनं हस्ताक्षर लागत नाही. कुळं काय म्हणत होती हे हवं असेल तर 1893 ते 96 च्या वेल्समधील जमिनीविषयीच्या शाही आयोगाच्या छापील साक्षी वाचा. कुळं नि कारभारी दोघांचंही बोलणं त्यात आहे. 1868 च्या निवडणुकीत मालकाविरुद्ध मत दिलं म्हणून शेतावरून काढलेल्यांची आठवण तेव्हा ताजी होती. गुप्त मतदान आलं ते 1872 मध्ये.

कायद्याचं थोडं, कारण तुम्ही मागची वई काढून गाडीसाठी जागा करायची म्हणताय. घर भाड्याचं आहे, म्हणून पहिली परवानगी मालकाची. घरगुती बागेच्या आतली किंवा तिच्या हद्दीवरची वई 1997 च्या वईसंरक्षण नियमांत येत नाही. पण बागेची हद्द नसलेली, शेताला लागून असलेली वई 20 मीटर किंवा जास्त लांब असेल, तर काढण्याआधी नियोजन खात्याला सूचना द्यावी लागते आणि ते 42 दिवसांत उत्तर देतात. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात, तेव्हा हात लावू नका. घर सूचीबद्ध असेल तर 1 जुलै 1948 पूर्वीपासून आवारात असलेल्या भिंती नि गोठेही त्याच संरक्षणाखाली येतात. घर सूचीबद्ध आहे का, जागा ऐतिहासिक उद्यानांच्या नोंदवहीत आहे का (2022 पासून ती वैधानिक आहे), हे कॅडूच्या (वेल्स सरकारच्या वारसा संस्थेच्या) 'कोव्ह कमरी' नकाशावर पाच मिनिटांत कळतं. आधीच्या उत्खननांच्या नोंदी आर्खविलियो या पुरातत्त्व नोंदींच्या संकेतस्थळावर मिळतील.

पुढचं विचारताना चार गोष्टी द्या: तुमच्या चौकोनाचा ग्रिड क्रमांक, टाइद तक्त्यातले तीन-चार तुकड्यांचे क्रमांक नि मालक, भिंतीचा पट्टी टेकवून काढलेला फोटो, आणि त्या ओळीतल्या ओकांचे घेर. भिंत हरणांची की रस्त्याची, हे एवढ्यावरून सांगता यावं.